सील शाबूत

शाळेच्या ग्रंथालयाचं आपत्ती, कीड आणि बुरशी यांपासून संरक्षण कसं करावं, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. पहिल्या दिवशी सकाळच्या सत्रात सांगितलं की कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावीत. मागून वारा खेळतो आणि वाळवी चढत नाही. दुपारच्या सत्रात दुसरे तज्ज्ञ आले. ते म्हणाले, भूकंपाच्या भागात कपाटं भिंतीला टेकवून बोल्टने पक्की करावीत, म्हणजे ती मुलांच्या अंगावर पडत नाहीत. मी हात वर करून विचारलं की यातलं नक्की काय करायचं. तज्ज्ञ म्हणाले, दोन्ही. मग चहा आला.

आमची शाळा तलासरी तालुक्यात, वेवजीच्या रस्त्यावरून आत वळलं की येणाऱ्या एका पाड्यात. या पट्ट्यात २०१८च्या नोव्हेंबरमध्ये जमीन हलायला लागली ती अजून अधूनमधून हलते. पहिल्या हिवाळ्यात लोक अंगणात ताडपत्र्या बांधून झोपले. आता मांडणीवरची भांडी वाजली तर मांजर शिरलं की भूकंप झाला, यावर घरात दोन मतं पडतात आणि लोक कामाला लागतात.

मी गणित शिकवतो. ग्रंथालय माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलं. ग्रंथालय म्हणजे चारशे बारा पुस्तकं आणि दोन पत्र्याची कपाटं. शाळेत कुलूप लागणारी कपाटं तेवढीच, त्यामुळे जे जे जुनं आणि टाकता न येण्यासारखं ते सगळं ग्रंथालयात येऊन पडलेलं. त्यात जनरल रजिस्टरं होती. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण. सगळ्यात जुनं रजिस्टर स्वातंत्र्याच्या वर्षी उघडलेलं. ते कोणी वाचत नसे. गोष्टीच्या पुस्तकांचीही तीच स्थिती होती, त्यामुळे त्याला वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

भूकंपाच्या पहिल्या वर्षी इंजिनिअर आले, भिंतीतली भेग बोटाने मोजली आणि लाल रंगाने 'धोकादायक' लिहून गेले. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागले. पुस्तकंही शेडमध्ये, ताडपत्रीखाली. एप्रिलमध्ये ताडपत्री उचलली तर खालच्या थराला मातीच्या शिरा चढलेल्या. मी एकेक पुस्तक आपटून वाळवी झाडत बसलो होतो, तेव्हा रखमी आली.

रखमी वरठा आमच्याकडे मुलांची खिचडी शिजवते. तिचं घर शाळेच्या मागे, हाक ऐकू येईल एवढ्यावर. रखमीच्या बोलीत 'तुम्ही' नाही. ती मला 'तू' म्हणते, मुख्याध्यापकांना 'तू' म्हणते, आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना "तू जेवलास का?" म्हणाली होती.

"उधई लागली ना," ती म्हणाली. "मी सांगते तुला सर, माझे घरा ठेव. माळ्यावर."

"तिथे काय औषध मारलंय?"

"धूर. खाली चूल हाये. वर नागलीचा बी ठेवतो, वालाचा ठेवतो, भोपळ्याचा ठेवतो. किडा जात नाय. डोळं चुरचुरतात त्याचं."

"आणि पुस्तकं काळी होतील त्याचं काय?"

"काळी होतील. गोरी ठेवून कोणाशी लगीन लावायचा हाये?"

जुनी चार रजिस्टरं आणि पोतंभर पुस्तकं मी तिच्याकडे दिली. हे कुठे नोंदवलं नाही. नोंदवायचं तर आधी परवानगी मागायला हवी होती, आणि परवानगी येईपर्यंत वाळवी थांबली नसती. मग करोना आला, शाळा बंद झाली. मग उघडली. मग नवीन इमारत झाली. पोतंभर पुस्तकं परत आली. तीन कमी होती, दोन उंदरांनी कुरतडली होती आणि भूगोलाचं एक हिरूने, म्हणजे रखमीच्या नवऱ्याने, विड्यांना वापरलं होतं. बाकीच्यांना हुरड्यासारखा वास येत होता, पण अक्षर न् अक्षर जागेवर होतं. रजिस्टरं वरच राहिली. नवीन कपाटं आली की आणू, असं मी म्हणत होतो आणि कपाटं येत नव्हती.

२०२४च्या जूनमध्ये हिरू फाइल घेऊन आला. हिरू पलीकडे गुजरातेत एका कंपनीत रोजावर जातो. त्या दिवशी रोज बुडवून आला होता, त्यावरून मला कळलं की काम मोठं आहे.

"शितलला नर्सिंगला घेतात, गुरजी. पन जातीचा पडताळणी पायजे."

शितल त्यांची मुलगी, बारावीला या पट्ट्यात पहिली. ती आदिवासी आहे याबद्दल पाड्यात, तालुक्यात, शाळेत कोणालाच शंका नव्हती. पण शंका नसणं हा पुरावा होत नाही. खोट्या दाखल्यांवर खऱ्यांच्या जागा गेल्या म्हणून ही पडताळणी आली, हे मलाही मान्य आहे. अडचण एवढीच की खोट्याकडे कागद तयार असतात. हिरूच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात कोणीतरी घाईत नुसतं 'हिंदू' लिहून ठेवलं होतं. नात्यात पडताळणी झालेलं कोणी नव्हतं. पडताळणी लागेल इतकं कोणी शिकलंच नव्हतं. राहता राहिला हिरूचा बाप तुक्या. तो आमच्याच शाळेत होता म्हणे, चार-सहा महिने. १९५०च्या आधीची नोंद मिळाली तर पडताळणी समितीपुढे तिच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला नाही. प्रमाणपत्र तीस सप्टेंबरच्या आत कॉलेजात द्यायचं, नाहीतर जागा गेली.

"म्हणजे जुनं रजिस्टर," मी म्हणालो.

"हां. ता कुठं हाये?"

मी त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या घरी."

आम्ही गेलो. रखमी शिडी लावून माळ्यावर चढली आणि वरून आधी भोपळ्याच्या बियांची पुरचुंडी, मग एक फुटकं सूप, मग रजिस्टर खाली दिलं. पुठ्ठा तव्यासारखा काळा झाला होता. हाताला डांबरासारखं चिकटत होतं. पण आतली पानं पिवळी, कोरडी, आणि शाई जशीच्या तशी. अनुक्रमांक ८७. तुक्या जान्या वरठा. जात, हिंदू वारली. दाखल, ६ जून १९४९. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात तेव्हाच्या गुरुजींनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'येत नाही'.

शितलने आजाचं नाव याआधी कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. पाड्यात फोटो नसतो, थडग्यावर नाव नसतं. तिने नावाखाली बोट धरलं, कागदाला लागू न देता.

"पाच वर्षं मी याच्याखाली अभ्यास केला," ती म्हणाली. मग फोन काढून पानाचा फोटो घेतला.

मुख्याध्यापक मनिष सर भले माणूस आहेत. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत आणि आजवर त्यांच्या हातून एकही चूक झालेली नाही, कारण त्यांनी कोणतीही गोष्ट लेखी आदेशाशिवाय केलेली नाही. रजिस्टर पाहून ते आधी खूश झाले. उताऱ्याची खरी नक्कल करून त्यावर सही-शिक्का दिला. मग त्यांनी रजिस्टर नाकाशी धरलं.

"याला चुलीचा वास येतो, नविन सर."

मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"समितीचं दक्षता पथक येणार. मूळ नोंद शाळेत येऊन तपासणार. पहिला प्रश्न काय विचारतील? पाच वर्षं हे कुठे होतं? तर अर्जदाराच्या घरी. अर्जदाराच्या आईच्या चुलीवर. अहो, नोंद खरी असली तरी तिची खोटी होते हो. पोरीवर गुन्हा दाखल होईल, रखमीबाईंचं काम जाईल, आणि तुम्ही आणि मी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यात निवृत्तिवेतन होतं.

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आजही मला त्यात चूक सापडत नाही, आणि मी बराच शोध घेतला आहे.

तेव्हा ठरलं की रजिस्टर ग्रंथालयातच होतं असं दिसलं पाहिजे. शितलला सांगितलं, तो फोटो कोणाला दाखवू नकोस. त्यात पानाच्या कडेला चूल आणि कोंबडीचा पाय आला होता. रजिस्टर मी ओल्या फडक्याने पुसलं. काजळी निघाली, कागद थोडा फुगला. जुलैत ऊन कुठून आणणार? तांदळाच्या गोणीखाली दोन दिवस दाबून ठेवलं. वास जाईना म्हणून मनिष सरांनी घरून टाल्कम पावडर आणली आणि पानापानात मारली. काळा पुठ्ठा काढून नवा लावायचा होता. त्यासाठी मैद्याची खळ लागली. ती रखमीने शिजवून दिली, शाळेच्या चुलीवर, गुठळी न होऊ देता.

"धूर धुतलास सर," ती पातेलं ठेवत म्हणाली. "आता उधईला खायला पन घातलास. ही खळ गोड असते."

"औषध मारलंय नवीन कपाटांना."

"बरा."

नवीन कपाटं त्याच महिन्यात आली होती, काचेच्या दारांची. आशागडच्या फॅब्रिकेशनवाल्याने ती भूकंपाच्या नियमाप्रमाणे भिंतीला बोल्टने पक्की केली. मागच्या पत्र्याला आठ भोकं, भिंतीला आठ भोकं. कीडनियंत्रणाची फवारणीही झाली, ती कपाटांच्या पुढच्या बाजूने. मागे जायला जागा नव्हती. रजिस्टर खालच्या खणात उभं ठेवलं. आणि पुढे कोणी म्हणू नये की शाळेने पानात फेरफार केला, म्हणून मनिष सरांनी आठ जुलैला कपाटाला सील केलं. दाराच्या फटीवर कागदाची पट्टी, लाख, शाळेचा शिक्का, त्यांची सही, माझी सही. सुरज शिपायाला त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसवलं.

पथक पुढच्या आठवड्यात येणार होतं. मग त्याच्या पुढच्या. मग त्यांची गाडी दुसऱ्या कामाला गेली. शितल दर सोमवारी शाळेत येऊन काचेतून रजिस्टराचा नवा पाठकणा पाहून जाई. ऑगस्टात तिचे वर्ग सुरू झाले; तात्पुरता प्रवेश, हमीपत्रावर. मग ती फोनवर विचारू लागली.

"सर, आहे ना जागेवर?"

"आहे."

ऑगस्टच्या शेवटी ग्रंथालय झाडताना रखमीने मला बोलावलं. झाडण्याचं काम तिचं नाही, सुरजचं आहे. पण ती येऊन झाडत होती आणि मी कारण विचारलं नव्हतं.

"इथं बघ. खाली. आतून माती येते."

काचेच्या आत, खालच्या खणाच्या कोपऱ्यात, बोल्टच्या भोकापासून एक शीर निघाली होती. करंगळीएवढी जाड, ओली, ताजी. ती रजिस्टराच्या मागे जाऊन दिसेनाशी होत होती.

"अजून पुठ्ठ्यालाच असेल," मी म्हणालो.

"असेल तर आत्ता काढ."

"सील आहे, रखमीबाई."

"कागद हाये तो. मी कापते." तिच्या कमरेला कोयती होती.

मी तिचा हात धरला. सुरज खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि कोणाला अडवावं हे न कळल्यामुळे परत बसला.

"तुम्ही कापलंत तर संपलंच," मी म्हणालो. "अर्जदाराच्या आईने सील तोडलं असं होईल. पान सोन्याचं निघालं तरी कोणी मानणार नाही."

"मग तू काप."

मी तिचा हात सोडला.

"सही तुझी हाये," रखमी म्हणाली. "कपाट सरकारचा हाये. आजा माझे पोरीचा हाये. आता सांग, कोणाचा जास्त जाईल?"

तिने मोठा आवाज केला नाही. झाडू उचलला आणि खिचडीकडे गेली, कारण साडेबारा वाजत आले होते.

मी मनिष सरांकडे गेलो. त्यांनी येऊन गुडघ्यावर बसून शीर पाहिली. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. मग त्यांनी तातडीचं पत्र लिहिलं: कपाटात वाळवीचा प्रादुर्भाव दिसत असून सील काढण्यास परवानगी मिळावी. पत्र मी स्वतः जिल्ह्याला नेऊन दिलं, पोच घेतली. बारा दिवसांनी उत्तर आलं. पथकाच्या भेटीपर्यंत मूळ अभिलेखास कोणीही हात लावू नये. अभिलेख सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील. मनिष सरांनी ते दोनदा वाचलं आणि फाइलला लावलं. लेखी आदेश आला होता. त्या दिवशी त्यांना जरा झोप लागली असावी.

मला चावी मागता आली असती. काच तर दगडानेही फुटते. दुपारी वर्ग चालू असताना मी तीन-चार वेळा ग्रंथालयात जाऊन उभा राहिलो. एकदा सुरज म्हणाला, "सर, मी जरा पाणी पिऊन येऊ?" तो गेला आणि बराच वेळ आला नाही. तो कशाला गेला हे मला समजलं. मी शीर कुठवर आली ते पाहिलं, पट्टीवरची माझी सही पाहिली आणि तो येईपर्यंत तिथे राखण केली.

सोमवारी फोन आला. "सर, आहे ना जागेवर?"

"आहे," मी म्हणालो. ते खरं होतं. जागेवर होतं.

पथक तेवीस सप्टेंबरला आलं, सकाळी अकरा वाजता. शितलला जबाबासाठी बोलावलं होतं. ती रात्रभर एसटीने प्रवास करून आली होती, कॉलेजच्या पांढऱ्या गणवेशात, कारण इथूनच थेट परत कॉलेजात जायचं होतं. तपासणारे साहेब मध्यमवयाचे, मृदू बोलणारे होते. त्यांनी आधी सीलचे चार बाजूंनी फोटो घेतले. लाख तपासली, सह्या ताडून पाहिल्या.

"एवढं व्यवस्थित सील मी शाळांमध्ये पाहिलं नाही," ते म्हणाले. मनिष सर मान खाली घालून उभे होते.

पट्टी कापली. दार उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला, पेरणीनंतर शेतात येतो तसा. खालच्या खणातली पुस्तकं ओळीत उभी होती. साहेबांनी रजिस्टराचा पाठकणा धरून ओढला. नवा पुठ्ठा त्यांच्या हातात आला. आतलं तिथेच उभं राहिलं, तपकिरी, ढेकळासारखं, आणि त्यातून पांढरे किडे उजेडापासून पळू लागले.

तरी त्यांनी ते कागदावर काढून घेतलं. चिमट्याने थर सोडवले. घाई केली नाही, हे सांगायला हवं. शेवटची वीसेक पानं बरी होती. सुरुवातीच्या पानांचा डावा समास तेवढा उरला होता. एका पट्टीवर ८५ होतं, त्याखाली ८६, त्याखाली ८७. आकडे स्वच्छ होते. आकड्यांच्या पुढे कागद नव्हता.

"शाळेने दिलेली नक्कल आहे," मी म्हणालो. "मी स्वतः ताडून पाहिलेली."

"नक्कल मुळाशी जुळवायची असते, सर. मूळ असतं तर दहा मिनिटांचं काम होतं." त्यांच्या आवाजात खेद होता. त्यांनी पंचनामा सांगायला घेतला आणि कारकून लिहू लागला. सील शाबूत आढळले. कोणत्याही प्रकारची छेडछाड आढळून आली नाही. पंच म्हणून मी सही केली.

मग साहेबांनी शितलसमोर कोरा कागद ठेवला. "तुमचा जबाब. स्वतःच्या अक्षरात लिहा."

"सर, मी ते पान पाहिलंय," ती म्हणाली. "आजाचं नाव होतं. जात होती. तारीख होती."

"कुठे पाहिलंत?"

तिने फोन हातात घेतला. अंगठ्याने उघडला. तिथे फोटो होता; तिने तो पुसला नव्हता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मनिष सर पंख्याकडे पाहू लागले. दारात रखमी उभी होती, हातात खिचडीचा डाव, ओठ घट्ट मिटलेले. आता बोलायचं होतं ते मी. शितलने माझ्याकडे पाहिलं, बऱ्यापैकी वेळ दिला, जसा वर्गात आपण मुलांना देतो.

मग तिने फोन पालथा ठेवला.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"मग आज जे समोर दिसतं तेवढंच लिहा," साहेब म्हणाले.

तिने लिहिलं. अक्षर सुरेख होतं, कुठे खोडलं नाही. अनुक्रमांक ८७ समोर कोणतीही नोंद दिसत नाही. खाली सही केली, आणि सहीखाली येऊन थांबली.

"सर, आज तारीख काय?" तिने मला विचारलं.

मी सांगितली. त्या दिवशी माझी तिला झालेली मदत ती तेवढीच.